घरच्या सुतारकामासाठी कमी आवाजाचा व्हॅक्यूम कसा निवडाल

इंदिरानगरात आमचं रो-हाऊस आहे. खालची दहा बाय बाराची खोली मुळात गाडीसाठी होती. आता गाडी गल्लीत ऊन खाते आणि खोलीत माझं सुतारकामाचं टेबल असतं. जुन्या नाशकात एक वाडा पाडला जात होता, तिथून सागाच्या दोन तुळया स्वस्तात मिळाल्या आणि तेव्हापासून हे वेड लागलं.

लाकूड घासून गुळगुळीत करणारा सँडर घेतला, त्याच्या जोडीला हाताला लागेल तो व्हॅक्यूम घेतला. त्याचा आवाज असा की शेजारच्या काकू एकदा दारात येऊन म्हणाल्या, "अरे, विमानतळ ओझरला आहे ना? मग इथे काय उतरवतोस रोज?" त्या भांडल्या नाहीत, पण मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यानंतर दुपारी सँडिंग करताना मी व्हॅक्यूम लावायचाच बंद केला. दोन महिन्यांत सकाळी उठलं की शिंकांची माळ, नाक चोंदलेलं आणि मनगटावर पुरळ. सागाच्या धुळीची अनेकांना ॲलर्जी होते, हे डॉक्टरांकडून कळलं.

म्हणजे पैसे देऊन आणलेलं यंत्र निव्वळ कर्कश होतं म्हणून बंद राहिलं आणि धूळ मी खाल्ली. म्हणूनच कमी आवाज ही मला चैन वाटत नाही. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

१. दुकानात जाण्याआधी हे जमवा

- तुमच्या प्रत्येक मशीनच्या धूळ बाहेर पडणाऱ्या तोंडाचं माप, आतून आणि बाहेरून, व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) घेतलेलं. टेपने घेतलं तर दोन-तीन मिलीमीटर चुकतं आणि तेवढ्यावरच सगळं अडतं.
- प्रत्येक मशीनचे वॅट. पाटीवर लिहिलेले असतात, फोटो काढून ठेवा.
- खोलीतला सॉकेट ६ अँपिअरचा की १६चा, याची नोंद.
- जुन्या सँडिंगची बारीक धूळ, डबाभर. कशाला ते पुढे सांगतो.
- मोबाइलमध्ये आवाज मोजणारं एखादं फुकट ॲप.

२. तुमचं काम कोणतं, ते ठरवा

"डस्ट कलेक्टर" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात. नवा माणूस इथेच फसतो.

पहिला प्रकार म्हणजे व्हॅक्यूम. यात हवा कमी पण ओढ जबरदस्त असते. बारीक पाईपमधून, लांबून धूळ खेचायची तर हाच हवा. सँडर, राऊटर (लाकडात खाचा कोरणारं यंत्र), हातातली सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत), जिगसॉ यांना हा लागतो. याची मोटर मिक्सरच्या जातीची, मिनिटाला वीस हजारांच्या वर फेरे घेणारी असते. त्यामुळे आवाज किंचाळल्यासारखा येतो.

दुसरा प्रकार म्हणजे चार इंची पाईप आणि मोठी कापडी पिशवी असलेला कलेक्टर. यात हवा भरपूर पण ओढ कमी. टेबल सॉ आणि प्लॅनरच्या (रंध्याच्या यंत्राच्या) ढीगभर भुशासाठी तो उत्तम. याची मोटर इंडक्शनची, मिनिटाला सुमारे २८०० फेऱ्यांची, म्हणून आवाज घुमणारा पण सुसह्य असतो. त्याला बारीक पाईप लावून सँडर जोडला तर काहीही खेचलं जात नाही. शिवाय सोबत येणाऱ्या साध्या पिशवीतून बारीक धूळ आरपार जाते आणि खोलीभर पसरते.

घरच्या खोलीत बहुतेकांचं काम सँडर-राऊटर-सर्क्युलर सॉचं असतं. त्यांनी व्हॅक्यूमच घ्यावा. प्लॅनर असेल तरच दुसऱ्याचा विचार करा. दोन्हींचं काम एकातच भागवतो असं कुणी म्हणालं तर पाकीट खिशातच राहू द्या.

३. कोणती धूळ पकडायची आहे?

जमिनीवर पडलेला भुसा झाडूने निघतो. त्रास होतो तो दिसत नाही त्या धुळीचा. ती तासन् तास हवेत तरंगते आणि थेट फुप्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्या कामगारांमधले नाकाचे कर्करोग पाहून हा निष्कर्ष निघाला. आठवड्यात चार तास छंद म्हणून काम करणाऱ्याने त्यामुळे झोप उडवून घ्यायचं कारण नाही, पण बेफिकीरही राहू नये. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा चिकटवून दाबलेल्या बोर्डाची, धूळ तर आणखी बारीक, आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइडचा चिकटपदार्थ.

फिल्टरच्या बाबतीत खोक्यावर "हेपासारखा" असं काही लिहिलं असेल तर ते सोडून द्या. खऱ्या हेपाची व्याख्या ठरलेली आहे: ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. युरोपीय पद्धतीत एल, एम आणि एच अशा श्रेणी असतात. एलमधून १ टक्क्याहून कमी धूळ निसटते, एममधून ०.१ टक्क्याहून कमी. लाकडासाठी तिकडे साधारण एम श्रेणी सुचवतात. आपल्याकडे एम श्रेणीचं मशीन महाग पडतं, म्हणून मधला मार्ग: एल श्रेणीचं मशीन, त्यात न विणलेल्या जाड कापडाची पिशवी, आणि तोंडावर एन-९५ मास्क. मी हेच करतो.

४. डेसिबलचा आकडा वाचायला शिका

हा भाग जरा सावकाश वाचा. माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया गेले.

डेसिबल किलोसारखे मोजायचे नसतात. ३ वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, आणि १० वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ७० आणि ८० मधला फरक "दहाच तर आहे" म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

पहिला सापळा: आकडा कशाचा आहे? काही कंपन्या ध्वनिशक्ती छापतात, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज सोडतं ते. काही कंपन्या एक मीटरवर कानाला लागणारा ध्वनिदाब छापतात. एकाच यंत्राचा पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा सुमारे ८ ते ११ डेसिबलने मोठा निघतो. मी ७२ छापलेलं मशीन घेतलं आणि ७९ छापलेलं नाकारलं. नंतर कळलं, ७९ ही ध्वनिशक्ती होती आणि नाकारलेलं मशीनच शांत होतं. तेव्हा एकाच प्रकारच्या आकड्यांची तुलना करा. कशाचा आकडा आहे हेच लिहिलं नसेल तर तो आकडा नाहीच असं समजा.

दुसरा सापळा: तुमचं हत्यार व्हॅक्यूमपेक्षा किती मोठ्याने ओरडतं? समजा सँडर ८० चा आहे. त्याच्या शेजारी ८० चाच व्हॅक्यूम लावला तर एकूण ८३ होतात. ७० चा लावला तर एकूण जेमतेम ८०.४. म्हणजे सँडरसोबत शांत व्हॅक्यूम जवळजवळ ऐकूच येत नाही, त्याला मोजलेले पैसे वसूल. पण राऊटर ९५ चा असेल तर ७० चा आणि ८० चा व्हॅक्यूम यांत कानाला काहीच फरक कळणार नाही. तिथे शांत व्हॅक्यूमवर खर्च करण्यापेक्षा चांगले इअरमफ घ्या. ८५ डेसिबलच्या वर रोज तासन् तास राहिलं की कानाचं कायमचं नुकसान होतं, आणि राऊटर-सर्क्युलर सॉ त्याच्या पुष्कळ वर असतात.

थोडक्यात, तुमचं निम्म्याहून जास्त काम सँडिंगचं असेल तरच शांत मशीनसाठी जादा पैसे मोजा.

शेजाऱ्यांचा हिशोब वेगळा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. दोन रो-हाऊसमधल्या साडेचार इंची भिंतीतून किंचाळी बरीच अडते, पण खालच्या पट्टीतली घुमघुम आणि फरशीतून जाणारी थरथर अडत नाही. त्यामुळे "मला तर फारसा आवाज येत नाही" हे आपलं म्हणणं शेजारी निकालात काढतात. एकदा चहाला त्यांच्या घरी जाऊन बसा आणि मुलाला इकडे मशीन चालू करायला सांगा. कोणत्याही ॲपपेक्षा ही मोजणी खरी.

५. दुकानात चालू करून बघा

ऑनलाइन स्वस्त मिळतं, मान्य. पण पहिलं मशीन तरी दुकानातच, कानाने ऐकून घ्या. अंबड-सातपूर एमआयडीसीच्या आसपास औद्योगिक हत्यारांची दुकानं आहेत. तिथे कामगार स्वतःसाठी घेत असतात, त्यामुळे चालू करून दाखवायला दुकानदार कुरकुरत नाही. बॉश, मकिता, कार्चर अशा कंपन्यांची मशीनं आपल्याकडे मिळतात. पण नाव बघून घेऊ नका, पुढच्या गोष्टी बघा.

तीन वेळा ऐका: पाईप मोकळा असताना, पाईपचं तोंड अर्धं झाकून, आणि पाईपच काढून. मोकळा पाईप असताना शिट्टी येत असेल आणि पाईप काढल्यावर गेली, तर दोष मोटरचा नाही, पाईपचा आहे. तो बदलता येतो. मोबाइलचं ॲप अचूक नसतं, पण तोच फोन आणि तेच एक मीटर अंतर ठेवलं तर दोन मशीनमधला फरक बरोबर दाखवतं.

आता तो डबाभर धुळीचा. दुकानदाराला विचारून ती धूळ मशीनने ओढा आणि मागच्या हवेच्या झोतात मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. कण चमकताना दिसले तर फिल्टर कुचकामी. दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे संशयाने पाहिलं होतं. आता तो स्वतः गिऱ्हाइकांना हा प्रयोग दाखवतो.

यंत्रावर आणखी काय बघायचं:

मोटरला थंड करणारी हवा वेगळी आहे का? ओला-सुका ओढणाऱ्या व्हॅक्यूममध्ये बहुधा असते. घरातल्या साध्या व्हॅक्यूममध्ये धुळीचीच हवा मोटरवरून जाते, पिशवी भरली की मोटर तापते.

वेग कमी-जास्त करायचं बटण आहे का? सँडरला पूर्ण ओढ दिली तर तो लाकडाला चिकटतो आणि गोल ओरखडे उठतात. ओढ कमी केली की काम सुधारतं आणि आवाजही उतरतो. बटण नसेल तर छताच्या पंख्याचा रेग्युलेटर जोडायची युक्ती कुणी सांगेल. तो हजार वॅटसाठी नसतोच, जळेल.

हत्यारासाठी मशीनवरच सॉकेट आहे का? सँडर चालू झाला की व्हॅक्यूम आपोआप चालू, आणि बंद केल्यावर काही सेकंदांनी बंद. हे असलं की व्हॅक्यूम "राहून गेला" असं होत नाही, आणि तो विनाकारण ओरडतही राहत नाही.

मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश बदलता येतात का, सर्व्हिस सेंटर नाशकातच आहे की दर वेळी मुंबई-पुण्याला पाठवावं लागेल, पिशव्या सहा महिन्यांनीही मिळतील का, हेही विचारा. बिल जीएसटीचं घ्या आणि वॉरंटीत "फक्त घरगुती वापर" अशी अट आहे का ते वाचा.

खोक्यावरच्या हॉर्सपॉवरकडे लक्ष देऊ नका. ती क्षणभराची कमाल असते. सतत किती वॅट, ते पाटीवर वाचा.

६. विजेचा हिशोब

१२०० वॅटचा व्हॅक्यूम २३० व्होल्टवर साधारण ५.२ अँपिअर घेतो. १४०० वॅटची सर्क्युलर सॉ आणखी ६ घेते. दोन्ही एकाच ठिकाणाहून चालवायची तर ६ अँपिअरचा सॉकेट पुरणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून २.५ चौरस मिलीमीटरच्या वायरीचा, अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या. मोबाइल चार्जरची एक्स्टेन्शन वापरू नका. मी वापरली, तिचा प्लग वितळून सॉकेटला चिकटला.

७. पाईप आणि तोंडं

सँडरला २७ मिलीमीटरचा पाईप हलका पडतो. सॉ आणि राऊटरला ३५-३६चा घ्या, नाहीतर ढलप्या अडकतात. लांबी गरजेपुरतीच ठेवा. जास्तीची प्रत्येक वेटोळी ओढ खाते.

तोंडं जुळत नाहीत हे गृहीतच धरा. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. रबरी जोड मिळाला तर उत्तम, नाहीतर पाण्याच्या पाईपचे रिड्यूसर थोडे तापवून बसवता येतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडाही चालतो. जोडातून फट राहिली की ओढ जाते आणि शिट्टी सुरू होते. निम्मा "मशीनचा आवाज" खरा असा फटीतला असतो. सँडरच्या पॅडवरची भोकं आणि पॉलिश पेपरची भोकं एकमेकांवर आली पाहिजेत. नाहीतर जगातला कुठलाही व्हॅक्यूम तुम्हाला वाचवणार नाही.

८. सायक्लोन लावायचा का?

सायक्लोन म्हणजे शंकूच्या आकाराचं भांडं. हवा त्यात गरगर फिरते, जड भुसा खालच्या बादलीत पडतो आणि फिल्टर कमी चोंदतो. फिल्टर चोंदला की ओढ घटते आणि मोटरचा सूर चढतो, म्हणजे आवाजासाठीही हा उपयोगी. राऊटर-सॉचं काम जास्त असेल तर नक्की लावा. फक्त सँडिंग असेल तर मला तो फारसा पटत नाही. बरीच बारीक धूळ त्याला चकवून पुढे जाते. तिथे चांगली पिशवी पुरते.

बादली मात्र जाड घ्या. मी रंगाची वीस लिटरची रिकामी बादली लावली होती. पाईपच्या तोंडावर हात ठेवला आणि बादली दाणकन आत चेपली, पिचकलेल्या डब्यासारखी. जाड भिंतीचा प्लास्टिकचा ड्रम टिकतो. भंगारातून घेणार असाल तर त्यात आधी रसायन नव्हतं याची खात्री करा.

९. आवाजाचा खोका: सावधपणे

ज्यांना महागडं शांत मशीन परवडत नाही त्यांच्यासाठी हा खरा उपाय आहे. साध्या मशीनला खोक्यात बसवलं की किंचाळी बरीच दबते, कारण तिखट आवाज अडवणं सोपं असतं.

१८ मिलीमीटर प्लायचा खोका करा, मशीनच्या चारही बाजूंना तीन-चार इंच जागा सोडून. आतून दोन इंची रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) लावा, त्यावर जुन्या चादरीचं कापड ताणून बसवा. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क हवाच. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे लावू नका. त्यांनी आवाज अडत नाही, आग मात्र लागते. दाराच्या फटीला रबरी पट्टी लावा. मशीनखाली जुन्या गाडीची जाड रबरी चटई ठेवा, म्हणजे थरथर फरशीत उतरत नाही. काकूंच्या घरातला फरक खोक्यापेक्षा या चटईनेच जास्त पडला.

आता सावधपणा का, ते सांगतो. हजार वॅटची मोटर खोक्यात ठेवणं म्हणजे हजार वॅटचा हीटर खोक्यात ठेवणं. माझ्या पहिल्या खोक्याला मी एकच छोटं भोक ठेवलं होतं. मे महिना, बाहेर चाळीसच्या आसपास. पंधरा मिनिटांत जळका वास आला आणि मशीन स्वतःच बंद पडलं. नशीब, त्यात तापल्यावर बंद पडायची सोय होती.

हवा बाहेर पडायला नागमोडी बोगदा करा, आतून रॉकवूल लावून. वळणांवर आवाज मरतो, हवा निघून जाते. ३६ मिलीमीटरच्या पाईपचं तोंड जेमतेम १० चौरस सेंटिमीटर असतं. बोगदा १० बाय १० सेंटिमीटरचा ठेवला की त्याच्या दहापट वाट मिळते. मोटरला थंड करणारी हवा वेगळी असेल तर आत यायलाही असाच दुसरा बोगदा लागतो, आणि दोन्ही शक्यतो समोरासमोरच्या बाजूंना ठेवा. पहिले अर्धा तास थर्मामीटर आत ठेवून बघा. आतलं तापमान ५० च्या पुढे गेलं तर बोगदे वाढवा.

मशीन बाल्कनीत किंवा मागच्या गल्लीत ठेवून पाईप आत घ्यायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. त्याने तुमची खोली शांत होते आणि आवाज थेट शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. फिल्टर साधा असेल तर त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळही.

१०. आग, पावसाळा आणि भुसा

वाड्याच्या जुन्या सागात खिळे असतातच. कापण्याआधी चुंबक फिरवा. करवत खिळ्यावर घासली की ठिणगी उडते आणि व्हॅक्यूम ती सरळ भुशाच्या पिशवीत नेऊन ठेवतो. ग्राइंडर तर या व्हॅक्यूमला कधीच जोडू नका. जवसाच्या तेलाची चिंधी किंवा ओलं पॉलिश लागलेला भुसा पिशवीत राहिला तर आपोआप तापून पेटू शकतो. असं काम झालं की पिशवी त्याच संध्याकाळी घराबाहेर.

पावसाळ्यात धूळ दमट होते आणि पाईपच्या आत थर धरते. जूनपासून दर आठवड्याला पाईप उन्हात झटका, ऊन नसेल तर निदान जमिनीवर आपटा. धुण्याजोगा फिल्टर धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. ओल्या फिल्टरवर धूळ बसली की तिचं पीठ मळल्यासारखं होतं. म्हणून मी फिल्टरचा दुसरा जोड ठेवतो. थंडीत उलटा त्रास होतो, कोरड्या हवेत प्लास्टिकच्या पाईपचे बारीक झटके बसतात. त्यासाठी अँटिस्टॅटिक पाईप मिळतो.

निव्वळ लाकडाच्या ढलप्या बागेत झाडांच्या बुडाशी पसरता येतात. प्लाय आणि एमडीएफची धूळ मातीत घालू नका. ती पिशवीत गच्च बांधून सुक्या कचऱ्यात द्या, आणि घंटागाडीवाल्या दादांना आत काय आहे ते सांगा. पिशवी फुटली तर पहिली धूळ त्यांच्या तोंडावर उडते.